गोलोंद्रिनासची सिस्टर

डेल्मी बेनितेस आमच्या सर्जरी वॉर्डात रुजू झाली त्या सकाळी मी तिला दोनच गोष्टी विचारल्या. काही खाल्लंस का, आणि राहतेस कुठं. पहिल्यावर ती नुसती हसली. दुसऱ्यावर, मोठ्या बाईला म्हणतात तसं मला डोन्या म्हणत, म्हणाली, "गोलोंद्रिनास वस्तीत, डोन्या इमेल्दा. खोली मस्त आहे. खिडकीसमोरच आंब्याचं झाड!"

मी हातातली सलाईनची बाटली खाली ठेवली. "कुणी बघून दिली?"

"आमच्या गावच्या एका बाईंची बहीण असते तिथं. डोन्या एर्सिलिया. एकट्याच आहेत बिचाऱ्या. फार जीव लावतात."

"सामान नेलंस?"

"हो, परवाच."

मग मी बाटली उचलली आणि खांबाला टांगली. गोलोंद्रिनासमध्ये एकदा सामान आत गेलं की बोलून उपयोग नसतो, हे आमच्या सान पेद्रो शहरात वाढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण ही पोरगी वाढलेली डोंगरात, ला काम्पा गावात. आई मातीचे तवे आणि घागरी घडवून विकायची, थोरला भाऊ कॉफीच्या मळ्यात. जवळच्या सांता रोसा शहरात राहून नर्सिंग केलं, आणि घरात शिकलेली पहिली म्हणून अख्ख्या गल्लीनं तिला बसपर्यंत पोचवलं होतं. बुटकीशी, जाड वेणी, नव्या बुटांचा करकर आवाज. हात मात्र देवानं दिलेला. ज्या म्हाताऱ्यांच्या शिरा आम्हाला सापडत नव्हत्या, त्या तिला बोट फिरवताच सापडायच्या. आणि तोंड सतत चालू. तिला कुणी काही विचारलं की ती सगळं सांगून टाकायची. आईचं नाव काय, भट्टी घराच्या कुठल्या अंगाला आहे, भाऊ कुणाच्या मळ्यात जातो. डोंगरात तशीच रीत आहे. तिथं कुणी विचारलं आणि आपण सांगितलं नाही, तर माणूस रागावतो.

गोलोंद्रिनासवर राज्य पोरांचं. पोरं म्हणजे कोण, हे आम्ही इथं फोडून बोलत नाही. त्यांचं नाव घेत नाही, भिंतीवरची खूण मोठ्यानं वाचत नाही. 'पोरं' म्हटलं की समोरच्याला कळतं. त्यांच्या वस्तीत गाडी नेताना काचा खाली करायच्या, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसतं. आमच्या रुग्णालयाच्या आसपासचे रस्ते दुसऱ्या पोरांचे. या पोरांतलं कुणी त्या रस्त्यावर सापडलं तर ते संध्याकाळपर्यंत आमच्याकडेच यायचं, कधी वॉर्डात, कधी थेट तळघरातल्या शवागारात.

पहिल्या आठवड्यात डेल्मी रोज नवी बातमी आणायची. "बसमध्ये मी चढले की लोक उठून जागा देतात!" "दुकानदार पैसेच घेत नाही. म्हणतो, सिस्टरकडून कसे घ्यायचे?" "समोरच्या बाईंनी काल केळ्यांचं सूप आणून दिलं. शहरातली माणसं तुसडी असतात म्हणे! आईला मी फोनवर सांगितलं, उगाच काळजी करतेस."

चादरींच्या घड्या घालता घालता मी विचारलं, "तू नर्स आहेस हे त्यांना कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? डोन्या एर्सिलियांनी पहिल्याच दिवशी माझा पांढरा ड्रेस धुतला आणि पुढच्या अंगणात वाळत घातला."

"मागे दोरी नाही?"

"आहे ना. मी म्हटलंही, मागे घालते. तर म्हणाल्या, राहू दे पोरी, बघू देत सगळ्यांना."

 तेव्हा मी तिला कपड्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि सुलेमाचं सांगितलं.

सुलेमा पण नर्स होती, एका खाजगी दवाखान्यात. ती गोलोंद्रिनासमध्येच राहायची. पोरांच्या म्होरक्याचा धाकटा भाऊ पोटात गोळी लागून घरी आणला, तेव्हा सुलेमाला बोलावलं. तिनं भीतीपोटी सांगितलं, की वाचेल. तो वाचला नाही. त्यानंतर सुलेमा कामावर आली नाही. तिची आई तिचा फोटो घेऊन आमच्या तळघराबाहेरच्या बाकावर बसून असायची. कुणाला आत नेलं की उठून बघायची. किती दिवस आली, किती जणांची तोंडं बघितली, तिचं तिला माहीत. सुलेमा आजतागायत सापडलेली नाही.

डेल्मीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "त्या कुठं राहायच्या? म्हणजे, कुणाकडं?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण तू आज माझ्याकडे चल. माझ्या मुलीच्या खोलीत झोप. सामान नंतर बघू."

ती नको म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "डोन्या एर्सिलियांना सांगून येते. न सांगता निघणं बरं नाही दिसत."

दुसऱ्या दिवशी ती आली ती गप्प. डोन्या एर्सिलिया तांदूळ निवडत होती म्हणे. डेल्मीनं खोली सोडायचं काढलं तेव्हा तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "जायचं तर विचारावं लागेल."

"कुणाला? घर तर तुमचं आहे ना?"

"घर माझं आहे गं," एर्सिलिया म्हणाली, "पण दार माझं नाही." मग तांदळातला खडा काढून टाकत म्हणाली, "सुलेमानंही असंच विचारलं होतं. याच खोलीत राहायची. तिचाच पलंग आहे तो. तेव्हा मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते. शांत राहा. बोलावलं की जा. खरंखोटं काय ते तुझं तू बघ."

त्या रविवारी दुपारी बोलावणं आलं. आली ती ग्लेन्दा, नखं रंगवायचं दुकान चालवणारी. गुटगुटीत, सतत हसणारी, प्रत्येक नखावर वेगळं फूल. "चल गं सिस्टरबाई! आमच्या डोन्या कोन्स्तान्सांच्या पायाला जरा पट्टी करायचीय. घाबरलीस की काय? बाई गं, मी काय खाते का तुला?"

घर वस्तीच्या आतल्या टोकाला होतं. वाटेत दोन्ही बाजूंची घरं रिकामी. दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, आतून झाडं उगवलेली. त्या लोकांना एका दिवसात निघायला सांगितलं होतं. हे ग्लेन्दानं सांगितलं नाही, डेल्मीनं विचारलं नाही. शेवटच्या घरापुढे मात्र जास्वंद फुललेली, ओटा धुतलेला. दारात दोघेतिघे जण खुर्च्या टाकून बसलेले. तिला बघून उभे राहिले. एकानं टोपी काढली.

डोन्या कोन्स्तान्सा पलंगावर उशांना टेकून बसली होती. वाळलेली, पण डोळे चाकूसारखे. साखरेचा जुना आजार. डेल्मीनं पट्टी सोडली आणि वासानंच तिला कळलं. दोन बोटं काळी पडलेली, टाचेपर्यंत पू, आणि लाली घोट्याच्या वर सरकलेली.

"काय, सडलंय ना?" म्हातारी म्हणाली.

"सडलंय, डोन्या."

"बरं झालं. निदान एक जण तरी डोळ्यांनी बघतेय. इथं सगळे नाक दाबतात आणि म्हणतात, कालच्यापेक्षा बरं दिसतंय."

डेल्मीनं जखम धुतली, जितकं मेलेलं मांस काढता येईल तितकं काढलं. म्हातारी एकदाही कण्हली नाही. उलट गप्पा मारत राहिली. कुठली गं तू? आई काय करते? माती कुठून आणते? भट्टी कशी लावतात तुमच्याकडे? आणि डेल्मी सांगत गेली. हात कामात असले की तिचं तोंड आपोआप चालायचं. शिवाय म्हातारी तिला आवडली होती.

पट्टी बांधून होते तोच म्हातारीचा मुलगा आत आला. एल्मेर त्याचं नाव, पोरांचा म्होरक्या. डेल्मीला वाटलं होतं की अंगभर गोंदवलेला कुणी राक्षस असेल. हा तर बँकेत कामाला जाणाऱ्या माणसासारखा. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. त्यानं तिच्यासाठी स्वतः खुर्ची पुसली.

"सिस्टर, आई बरी होईल ना?"

डेल्मी मला नंतर म्हणाली, की त्या क्षणी तिला सुलेमा आठवली. आपण हो म्हटलं तर आज घरी जाऊ, हे तिला पक्कं कळत होतं. पुढचं मात्र दिसत नव्हतं.

"इथं नाही होणार," ती म्हणाली. "पाय कापावा लागेल, गुडघ्याखाली. लवकर. नाहीतर विष वर चढेल आणि त्या जातील."

ग्लेन्दाचं हसणं थांबलं.  

"आधीच्या सिस्टर माझ्या भावाचं बघायच्या," एल्मेर म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं वाचेल. तुम्ही नाही म्हणताय."

"मी नाही म्हणतेय."

त्यानं आईच्या पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाला, "हॉस्पिटल त्यांच्या भागात आहे. तिथं आई गेली आणि कुणाची आहे हे त्यांना कळलं, तर ते तिला पायऱ्यांवरच मारतील. मला तर तिच्या उशाशीही बसता येणार नाही. तेव्हा तुम्ही इथंच करा काय ते. जे लागेल ते आणून देऊ."

"इथं पाय कापता येत नाही. मी डॉक्टर नाही."

"पुढच्या रविवारी या," तो म्हणाला. तिला दारापर्यंत पोचवायला आला, आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या आईंना माझा नमस्कार कळवा. भट्टी घराच्या मागच्या अंगाला आहे ना? ओढ्याकडे? पावसात भिजत नाही का?"

दुसऱ्या दिवशी वॉर्डात ती सरळ माझ्याकडे आली. तिला पाणी पाजून मी सगळं ऐकून घेतलं.

"आता काय करू, डोन्या इमेल्दा? पोलिसांकडे जाऊ?"

आमच्या वॉर्डाच्या दाराशी एक पोलीस बसायचा. तो गोलोंद्रिनासच्या पलीकडच्याच वस्तीत राहायचा आणि त्याची बायको ग्लेन्दाकडे नखं रंगवायला जायची. मी डेल्मीला तो दाखवला. तिनं पुन्हा पोलिसांचं नाव काढलं नाही.

"मुलगा ऐकणार नाही," मी म्हटलं. "पण आईचं ऐकेल. तू तिला गाठ."

डेल्मी रविवारची वाट न बघता गेली. ड्युटी सुटल्यावर दुपारी सरळ चालत त्या घराकडे गेली. दारातल्यांना म्हणाली पट्टी बदलायचीय. आत म्हातारीला ताप होता. लाली आता पोटरीपर्यंत आली होती.

"डोन्या, तुमच्यापाशी दिवस थोडे आहेत. पाय किंवा जीव."

म्हातारी छताकडे बघत राहिली. "माझ्या नवऱ्याला केळीच्या मळ्यात ट्रकनं चिरडलं तेव्हा मी म्हटलं, असं तुकड्यातुकड्यानं नको जायला. आणि बघ. तू पळून का नाही गेलीस गं अजून?"

"माझी आई कुठं राहते हे त्यांना माहीत आहे."

"हं. त्याला मीच सांगितलं," म्हातारी म्हणाली. "आणि मला तू. बोलता बोलता सगळं दिलंस. कशाला इतकं बोलतेस गं?"

डेल्मीला रडू आलं. म्हातारीनं तिला रडू दिलं, मग जोरात हाक मारली. "एल्मेर! इकडे ये. मी हॉस्पिटलात जाणार."

आत काय बोलणं झालं ते डेल्मीनं ओट्यावरून ऐकलं. एल्मेर हळू बोलत होता, म्हातारी मोठ्यानं. "तुझ्यामुळे एक पोर गाडलं मी. आता तुझ्या त्या रस्त्यांच्या भांडणापायी मीही कुजत मरू? तुझं राज्य आहे ना? मग एक म्हातारी नेता येत नाही?"

भर सकाळी, ओपीडीच्या गर्दीत आणायचं ठरलं. ग्लेन्दाच्या ओळखीची टॅक्सी, म्हातारीच्या डोक्यावर शाल, बरोबर फक्त डेल्मी. मी खाली चाकाची खुर्ची घेऊन उभी होते. कागदावर माझा पत्ता घातला आणि तिला माझी मावशी केलं.  आमचा तरुण सर्जन म्हणाला, "मावशी तुमच्यासारखी दिसत नाही हो." मी म्हटलं, "डॉक्टर, पाय कापायचाय, लग्न जमवायचं नाहीये." तो हसला आणि तिला आत घेतलं.

पाय कापला. म्हातारी वाचली. वॉर्डात होती तेवढे दिवस आम्ही फाटकावर नजर ठेवून होतो. फाटकासमोर कापलेली कैरी विकणारा एक जण असायचा. तो दुसऱ्या पोरांचे डोळे होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. एका दुपारी त्यानं डेल्मीला मिठाची पुडी देता देता विचारलं, "काय सिस्टर, ती एका पायाची म्हातारी कुठली गं? तिच्याकडे कुणी भेटायलाच येत नाही."

"इमेल्दांची मावशी. भेटायला कोण येणार? सगळ्यांशी भांडून बसलीय."

तिला आता खोटं बोलता यायला लागलं होतं. कैरीवाल्यानं मान डोलावली, पण त्या दिवसापासून तो फाटकासमोरून उठून आमच्या खिडकीखाली बसायला लागला. आम्ही टाके सुकायची वाट न बघता म्हातारीला घरी सोडलं.

मला वाटलं संपलं. एल्मेर खूश झाला की पोरीला सोडेल, असं मी धरून चालले होते.

त्या आठवड्यात डेल्मी ड्युटीवरून परत गेली तर खोली रिकामी. पलंग होता, पण तिची पेटी, कपडे, भिंतीवरचा येशूच्या आईचा फोटो, काहीच नाही. एर्सिलिया दारात उभी होती. "तुझं घर तयार आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन कडी लावली.

ग्लेन्दा किल्ली नाचवत आली. "चल चल, डोळे मीट! मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

डोन्या कोन्स्तान्साच्या शेजारचं घर. त्याला दार बसवलं होतं, खिडक्यांना निळे पडदे. रंग अजून ओला होता. चूल, भांडी, नवा पलंग, त्यावर तिची पेटी. डेल्मीनं चौकटीला हात टेकवला तर रंगाखाली खाचा लागल्या. चाकूनं पाडलेल्या, एकावर एक, कुणा लेकराची उंची मोजल्यासारख्या.

"इथं कोण राहायचं?"

"कुणी नाही गं. बघ ना, पडदे मी निवडलेत."

मागच्या खोलीत गेल्यावर डेल्मीला सगळं समजलं. तिथं लोखंडी टेबल होतं, वर मोठा दिवा. सलाईन टांगायचा खांब. कुठून तरी उचलून आणलेल्या गॉजच्या, हातमोज्यांच्या, धाग्यांच्या पेट्या. आणि शेजारच्या घराच्या बाजूची भिंत माणूसभर फोडलेली. तिला दार नव्हतं, पडदाही नव्हता. पलीकडे दारातली ती माणसं बसलेली दिसत होती. त्यांच्यातला एक तिच्याकडे बघून हसला.

एल्मेर त्या भगदाडातून आत आला. "आवडलं? आता तुम्हाला हॉस्पिटलात जायची गरज नाही, सिस्टर. फेब्रुवारीअखेर नोकरी सोडतेय म्हणून सांगून टाका. आमच्या पोरांना तिकडे नेता येत नाही, उगाच मरतात. तुम्ही खरं बोलता, म्हणून मला तुम्ही हव्यात. तुमच्या आईंनाही इकडे आणू हवं तर. जागा बघितलीत ना, किती आहे."

डेल्मी त्याला काय म्हणाली ते तिला आठवत नाही. बहुतेक आभारच मानले असतील.

त्या घरात ती राहिली. भिंतीतल्या त्या भगदाडातून कुणीही, केव्हाही येई. पाणी मागायला, डोकं दुखतंय म्हणून, काही कारण नसताना. तिला कुणी बोट लावलं नाही. "इतक्या आदरानं वागायचे," ती मला म्हणाली, "की मला वाटायचं एखादा तरी शिवी देऊन जावो." एका दुपारी एकाला आणलं, मांडीत गोळी अडकलेली. तिनं ती काढली. तो जगला. ओट्यावर गाणी लागली, तिला बालेआदा आणून दिले, गरम पोळीत घेवडा आणि मलई भरून. तिनं सगळ्यांसमोर ते खाल्ले आणि मागे जाऊन ओकून टाकले. पुढच्या वेळी एखादा जगणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

हे सगळं डोन्या कोन्स्तान्सा आपल्या पलंगावरून बघत होती. तिनं एकदाही त्यावर चकार शब्द काढला नाही. फेब्रुवारीत मात्र एका सकाळी, भरल्या घरात, कॉफी पिता पिता ती म्हणाली, "एल्मेर, मी नवस बोललेय. जीव वाचला तर सान मातियासला मेणबत्ती लावीन म्हणून. हिच्या गावात जत्रा आहे त्याची. मला तर जाता येत नाही. हिला पाठव."

"मेणबत्ती इथल्या चर्चमध्येही लावता येते, आई."

"इथल्या चर्चमध्ये सान मातियास आहे का? नवस तुझ्या बापाच्या आत्म्याला साक्षी ठेवून बोललेय. तुला मोडायचा असेल तर मोड. उरलेला पायही सडला तर कापायला तू ये."

एल्मेरनं कप खाली ठेवला. "बरं. ग्लेन्दा जाईल बरोबर."

"ग्लेन्दा गेली तर मला संडासला कोण नेणार? तू? की हे तुझे टोपीवाले?"

सगळे हसले. एल्मेरही हसला. त्या हसण्यातच हो झालं. दोन दिवसांत परत, असं ठरलं.

निघताना डेल्मी निरोप घ्यायला गेली. म्हातारीनं तिच्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिली. "मेणबत्ती मोठी घे," ती म्हणाली. "आणि येताना घाई करू नकोस." तिचा हात मात्र डेल्मीच्या वेणीवरून शेंड्यापर्यंत फिरला.

पेटी घेता येणार नव्हती. एक पिशवी, त्यात एक झगा आणि मेणबत्ती. ग्लेन्दानं तिला बसमध्ये बसवलं, कंडक्टरला नाव विचारून घेतलं, बस हलेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली आणि रंगीत नखं हलवत राहिली.

सांता रोसाहून डेल्मीनं मला फोन केला. फक्त एवढंच म्हणाली, "डोन्या इमेल्दा, मी उद्या ड्युटीवर नाही." मी म्हटलं, "बरं, बाळ." आणि फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले.

गावात जत्रेचे ढोल वाजत होते. आई अंगणात ओल्या घागरीचा गळा घडवत बसली होती. डेल्मी म्हणाली, "आई, ऊठ. हात धू." आईनं मुलीचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता उठली. घागर तशीच राहिली. भाऊ, त्याची बायको, त्यांचं तान्हं लेकरू आणि या दोघी, सगळे जत्रेच्या गर्दीतून निघाले. डेल्मीनं जाता जाता मेणबत्ती लावली. नवस खरा असो वा खोटा, म्हातारीच्या नावानं लावली. मग सीमेजवळच्या ओकोतेपेकेपर्यंत मिळेल त्या गाडीनं आणि पुढे पायवाटेनं ग्वाटेमालात.

ठरलेला दिवस उलटला तेव्हा ला काम्पाला दोन माणसं गेली. घरात कुणी नव्हतं. त्यांनी भट्टी फोडली आणि पडवीत वाळत ठेवलेला सगळा माल पायाखाली तुडवला. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. ते घर आजही तसंच पडून आहे. कुणी आत जात नाही.

माझ्याकडे ग्लेन्दा आली. ओपीडीच्या रांगेत उभी होती, हसत. "डोन्या इमेल्दा, तुमची मावशी विचारत होती हो. डेल्मी कुठं आहे म्हणाली?"

"मला काय माहीत? नोकरी टाकून गेली. माझ्या वॉर्डात माणूस कमी पडलंय तिच्यामुळे."

"हो का?" तिनं माझा हात हातात घेतला आणि नखं बघितली. "किती खराब केलीत. मुलीला पाठवा माझ्याकडे. तिची छान करते. कुठल्या शाळेत जाते म्हणालात?"

मी म्हणाले नव्हते. त्याच आठवड्यात मी मुलीला दूर, ला सेइबा शहरात, माझ्या बहिणीकडे पाठवलं. ती तिकडेच शिकली, तिकडेच लग्न केलं. माझ्या घरात ती नंतर कधी राहिलीच नाही. मी मात्र नोकरी सोडली नाही. कितीतरी महिने बसच्या थांब्यावर मी भिंतीला पाठ लावूनच उभी राहायचे. पण कुणी आलं नाही. त्यामागे त्या म्हातारीचा शब्द होता की एल्मेरला माझ्यापेक्षा मोठी कामं होती, देव जाणे.

एल्मेरला पुढच्या उन्हाळ्यात त्याच्याच माणसांनी मारलं. आमच्याकडे आणला तेव्हा माझीच ड्युटी होती. शर्टाला अजून इस्त्री होती. डोन्या कोन्स्तान्सा त्यानंतर फार जगली नाही. दुसरा पाय शाबूत असतानाच झोपेत गेली म्हणतात. आता तिथं दुसरा कुणी आहे. नाव मी विचारलं नाही.

डेल्मीला भेटायला मी गेल्या वर्षी गेले. तिच्या शिक्षणाचे कागद तिकडे मान्य व्हायला फार काळ गेला. तोवर तिनं खानावळीत भांडी घासली, लोकांची लेकरं सांभाळली. आता सीमेपलीकडच्या एका छोट्या गावात प्रसूतिगृहात आहे. आई बरोबर असते. भाऊ आणखी वर उत्तरेला गेला, त्याचा फोन येतो कधीमधी. वेणी तिनं कापून टाकलीय. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून दुपारभर कॉफी प्यायलो. तिनं वॉर्डातल्या एकेकाची चौकशी केली आणि सर्जनचं अजून लग्न झालं नाही म्हटल्यावर खूप हसली.

शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हाक मारून विचारलं, "पाहुण्या कुठून आल्यात हो?"

"लांबून," डेल्मी गोड आवाजात म्हणाली आणि माझ्या कपात कॉफी ओतली.

मग रस्त्यावर एक मोटारसायकल येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. डेल्मी मला एका जुळ्यांच्या बाळंतपणाची गोष्ट सांगत होती. तिनं वाक्य पूर्ण केलं, साखरेचं झाकण लावलं, उठून आईच्या खोलीचं दार ओढून घेतलं, आणि मगच खिडकीपाशी जाऊन पडद्याच्या कडेनं बाहेर पाहिलं.

गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस होता.